एक वीट आणखी

जिंग गुरुजींच्या विटा आता काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. खाली लाल मखमल, वर पिवळा दिवा. गुरुजींचा लाडका शिष्य थाओ याने फेन नदीच्या पलीकडे स्वतःची नाट्यशाळा काढली आहे, तिच्या दारातच हे कपाट आहे. आईबाप पोरांना घेऊन येतात आणि कपाटासमोर उभे राहून फोटो काढतात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या विटांनी पोरांच्या मांड्या फाडल्या त्यांना मखमल! आणि जिची मांडी कायमची गेली ती पेई युनशिया माझ्या भिंतीला भिंत लावून राहते, तिला उद्घाटनाचं साधं बोलावणंसुद्धा नव्हतं.

ही हकिगत युनशियाची आहे. ती स्वतः सांगणार नाही, कारण कोणाबद्दल वाईट बोलायची तिला सवयच नाही. मला आहे.

मी लिऊ. आमच्या नाटकमंडळीत लहान थाळी वाजवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तरुण होते तेव्हा सकाळी मला मंडळीच्या शाळेत पाठवायचे, पोरांच्या मेहनतीला ठेका द्यायला. आमच्या नाटकात लढाया असतात, कोलांट्या असतात, पाय कानाला लागला नाही तर लोक पैसे परत मागतात. म्हणून पोरांचे पाय लवचिक करायचे. त्याला आमच्याकडे ‘पाय फाडणं’ असंच म्हणतात आणि ते ऐकून कोणी दचकत नाही. पोराने भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचं, पाय दोन्हीकडे फाकवायचे आणि घोट्यांना आतून विटा लावायच्या. विटा रोज थोड्या बाहेर सरकायच्या. दुसरा प्रकार उताणं झोपवून. एक पाय जमिनीला बांधायचा आणि दुसरा गुरुजी सरळच्या सरळ उचलून कपाळापर्यंत आणायचे. गुडघा वाकला की छडी.

आणि नियम एकच. जो ‘दुखतंय’ म्हणेल त्याला एक वीट आणखी.

सगळं झालं की पोरांनी उठायचं, गुरुजींपुढे वाकायचं आणि म्हणायचं, ‘गुरुजी, आमच्यासाठी आपल्याला कष्ट पडले.’ मग अंगणाला फेऱ्या मारायच्या. डोळे पुसायचे ते चालता चालता. मी थाळी वाजवत असायचे. तेव्हाही मला ते आवडत नव्हतं, पण थाळीवालीला विचारतो कोण.

युनशियाला तिच्या बापाने सायकलवर बसवून आणलं होतं. लाल बोरांच्या बागांचं गाव तिचं. खळ्यावर कोलांट्या मारताना मंडळीतल्या कोणीतरी तिला पाहिलं होतं. अकरा वर्षांची, काटकुळी, आणि नजर अशी की वर्गातली बाकीची पोरं आपोआप मागे सरायची. मंचावर लढणाऱ्या राण्या करतात ना, पाठीवर चार झेंडे लावून, ती होणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पोशाखांच्या पेटीतले ते झेंडे ती जाता-येता हाताने चाचपून बघायची.

त्या सकाळी गुरुजींनी तिला उताणी झोपवलं. थंडीचे दिवस, पोरं अजून कुडकुडत होती, अंग तापलेलं नव्हतं. गुरुजींनी पाय उचलला आणि दाबत गेले. मला आवाज ऐकू आला. ओलं कापड पिळताना आतला धागा तुटावा तसा, बारीक. युनशियाचा चेहरा पांढराफटक पडला, पण तोंडातून चकार शब्द नाही. गुरुजी खूश झाले. वर्गाकडे वळून म्हणाले, “बघा. हिला म्हणतात शिष्य.” आणि पोरांना नीट दिसावं म्हणून त्यांनी तो पाय आणखी खाली दाबला.

ती उठली, वाकली, कष्ट पडले म्हणाली आणि भिंतीला धरून अंगणाला फेरी मारून आली. पुढे कितीतरी दिवस तिला नीट बसता येईना. जेवणघरात बाकाच्या कडेवर एका कुल्ल्यावर टेकून शेवया खायची. मांडीमागचा भाग गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला होता. आमच्या शाळेत याला ‘शीर उघडली’ म्हणायचे आणि आनंद मानायचे. बसायच्या हाडापासून स्नायू तुटून सुटलाय हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बापाला कळवलं, तो आला, आणि त्याने काय केलं असेल? गुरुजींना वाळवलेल्या बोरांची पिशवी दिली. पोरीची शीर उघडली म्हणून! आजही ती पिशवी आठवली की मला बोरं गोड लागत नाहीत.

शीर कसली उघडते. ती वेडीवाकडी भरून आली आणि कायमची आखडली. युनशियाचा पाय कमरेच्या वर जाईना. राणीचं काम दुसऱ्या मुलीला मिळालं. तिला शाळेतून काढलं नाही एवढेच काय ते उपकार, कपड्यांच्या पेट्यांवर नेमलं. जन्मभर तिने दुसऱ्यांचे झेंडे घडी केले आणि दुसऱ्यांच्या जाड तळाच्या बुटांच्या कडांना पांढरा रंग लावला. त्याच मंडळीत दिवे लावणाऱ्याशी लग्न केलं, एक मुलगी झाली, ती आता मोठ्या शहरात असते. नवरा गेला. मंडळीच्या घरांचं आवार एकच, जिंग गुरुजीही तिथेच मधल्या रांगेत राहतात, आणि ते वाटेत भेटले की ही मान लववायची. मी म्हणायचे, “अगं, थुंकायचं सोडून वाकतेस काय?”

“सवय आहे, लिऊताई,” ती म्हणायची. “मान आपोआप खाली जाते.”

पण एक गोष्ट तिने स्वतःची स्वतः केली. पेटीत एक जुना, जरीचा, लांबलचक कमरपट्टा होता, राणीच्या पोशाखातला, उसवला म्हणून टाकून दिलेला. तो तिने घरी आणला. रोज संध्याकाळी झोपायच्या विटांच्या ओट्यावर, खालून जाळ घालून तापवलेल्या, उताणी पडायची, पट्टा तळव्याला अडकवायची आणि गुडघा थोडा वाकवलेलाच ठेवून पाय हळूहळू वर न्यायची. मांडीमागे ओढ बसली की तिथेच थांबायचं, चार-पाच श्वास घ्यायचे, सोडायचं. दुखलं की मागे यायचं. वर्षानुवर्षं तिने त्या मांडीशी असा समझोता केला. पाय कानाला लागला नाही तो नाहीच, पण ती लंगडायची थांबली.

मग आवारातले लोक यायला लागले. निवृत्त झाल्यावर सगळ्यांच्याच मांड्या लाकडासारख्या होतात. कोणी दिवसभर सोंगट्या खेळत बसतं, कोणी टीव्हीपुढे. मंडळीची बस चालवणारा फेंग यायचा, त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. पहिल्याच दिवशी पाय स्टुलावर ठेवून त्याने कासवासारखी पाठ केली आणि हाताची बोटं नडगीच्या खालपर्यंत नेऊन दाखवली.

“बघा! कुठे आखडलोय मी?”

“पाठ वाकली, फेंगदादा,” युनशिया म्हणाली. “मांडीला पत्ताच लागला नाही. पाठ सरळ ठेवा, छाती पुढे, आणि खुब्यातून वाका.”

फेंगने तसं केलं आणि अर्ध्यात अडकला. “आई गं. इथे तर मी चारच बोटं वाकलोय.”

“तेवढंच तुमचं आहे. आता सांगा, ओढ आहे की दुखतंय?”

“काय फरक?”

“ओढ असेल तर थांबू. दुखत असेल तर मागे जाऊ. तुम्ही सांगायचं, मी ऐकायचं.”

हा तिचा नियम. तिच्याकडे पाय घेऊन येणाऱ्याने बोललंच पाहिजे. गप्प बसणाऱ्याला ती हात लावत नसे. फेंग इतका बोलायचा की मीच म्हणायचे, याच्या मांडीपेक्षा याची जीभ मोकळी कर. पण महिनाभरात तो नाड्या बांधायला लागला.

गेल्या हिवाळ्यात जिंग गुरुजी अंगणात बर्फावर घसरून पडले. हाड जुळलं, पण कितीतरी दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिल्यामुळे पाय आखडून बसले. सरळच होईनात. उभे राहिले तर खुर्चीत बसल्यासारखे उभे राहायचे, कोणीतरी धरल्यावर. वसंतात त्यांची नव्वदी होती. थाओने त्याच्या शाळेत मोठा समारंभ ठरवला होता. देशभरातून शिष्य येणार, एकेक जण मंचावर येऊन गुडघे टेकून नमस्कार करणार. आणि गुरुजींनी हट्ट धरला की मी नमस्कार घेईन तो उभा राहूनच, चाकांच्या खुर्चीत बसून घेणार नाही.

एका सकाळी गुरुजींची सून अक्रोडाच्या बिस्किटांचा डबा घेऊन युनशियाच्या दारात आली. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते.

“युनशियाताई, बाबांचे पाय तेवढे मोकळे करून द्या. दवाखान्यातला माणूस आला की ते हाकलून देतात. तुम्ही घरच्या.”

“घरची?” मी म्हणाले. “इतकी वर्षं नव्या वर्षाला एक बिस्कीट तरी पाठवलंत का घरच्या माणसाला? आणि पाय मोकळे करायला थाओ नाही का? त्याच्याकडे विटा आहेत की मखमलीवर.”

“लिऊताई, शेंगा सोला,” युनशिया शांतपणे म्हणाली. मग सुनेला म्हणाली, “उद्या येते.”

सून गेल्यावर मी तिला सोडलं नाही. “तुला लाज कशी वाटत नाही? त्या म्हाताऱ्याने तुझा जन्म मातीत घातला आणि तू त्याची मांडी चोळायला चाललीस? तो उभा राहणार, पोरं त्याला नमस्कार करणार, आणि कशाच्या जिवावर? तुझ्या!”

ती पट्ट्याची घडी करत होती. “मला त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायचाय,” ती म्हणाली.

“कोणता? माफी? माफी मागण्यातला तो नव्हे.”

“माफी नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण जो बोलतो तो.”

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. मला चार शब्द सुनवायचे होते आणि संधी मिळेल अशी आशा होती.

गुरुजी ओट्यावर पडले होते. खाली जाळ होता, ओटा मस्त तापलेला. माणूस वाळून काठी झाला होता, पण डोळे तेच. युनशियाने मान लववली आणि पट्टा त्यांच्या तळव्याला अडकवला. त्यांनी जरीकडे बघितलं.

“पेटीतला आहे हा.”

“टाकून दिलेला, गुरुजी. आता गुडघा वाकलेलाच राहू द्या, सरळ करायला जाऊ नका. मी पाय वर नेते. ओढ बसली की सांगा. दुखलं की ‘दुखतंय’ म्हणा, मी लगेच थांबेन.”

गुरुजी छताकडे बघत राहिले. तिने पाय वर न्यायला सुरुवात केली. थोडाच गेला असेल, त्यांची पायाची बोटं आत वळली आणि जबड्याची शीर टरारली.

“दुखतंय का?”

“नाही.”

तिने आणखी थोडा वर नेला. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. मांडी दगडासारखी घट्ट झालेली मला लांबून दिसत होती.

“दुखतंय का, गुरुजी?”

“नाही. जोर लाव. तुझा हात अगदीच मऊ आहे.”

तिने पाय खाली ठेवला. “तुम्ही सांगितलं नाहीत तर मला कळणार कसं? मांडी आवळून धरली की ती सुटत नाही, उलट आणखी आखडते.”

“माझ्या गुरूंनी माझे पाय फाडले तेव्हा मी नदीकडे बघत होतो,” गुरुजी म्हणाले. “एक आवाज केला नाही. तू पण केला नव्हतास. तू माझी सगळ्यात चांगली शिष्या होतीस.”

हे त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं! कौतुक म्हणून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, “चांगली शिष्या पेटीवर बसली, गुरुजी. कपडे घडी करत.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थाळीवालीकडे ते कधीच बघत नसत.

ती रोज जायची. रोज तेच. पट्टा, थोडी ओढ, ‘दुखतंय का’, आणि ‘नाही’. कधी ती त्यांची टाच स्वतःच्या खांद्यावर घ्यायची आणि म्हणायची, “आता टाच माझ्या खांद्यावर दाबा, पाय खाली आणायचा असल्यासारखी. बास. आता सोडून द्या.” इतर कोणाची मांडी त्या ‘सोडून द्या’बरोबर बोटभर पुढे यायची. गुरुजींना दाबता यायचं, सोडता येत नव्हतं. सोडायला कोणी शिकवलंच नव्हतं. मग तीही पुढे जायची नाही. जिथे तिला खात्री असेल तिथेच थांबायची आणि पाय होता तसाच राहायचा. सून कुरकुरायला लागली. समारंभ जवळ आला होता.

शेवटी सुनेने थाओला बोलावलं. आम्ही नेहमीप्रमाणे गेलो तर तो ओट्यावर चढून बसलेला, अंगात रेशमी सदरा, बाह्या वर केलेल्या. त्याच्याबरोबर जुन्या शाळेतले दोघे-तिघे आलेले. सगळे माझ्या थाळीच्या ठेक्यावर रडलेले.

“या युनशियाताई,” थाओ म्हणाला. “तुमचं लाडेलाडे करणं पुष्कळ झालं. समारंभ तोंडावर आलाय. आता आपल्या पद्धतीने. काय गुरुजी?”

“आपल्या पद्धतीने,” गुरुजी म्हणाले.

“थाओ, त्यांच्या मांडीत आता तेवढा जीव नाही,” युनशिया म्हणाली. “वय बघ. तुटेल.”

“आमची नाही तुटली.”

“माझी तुटली.”

थाओने ऐकलंच नाही. त्याने एक पाय आपल्या गुडघ्याखाली दाबला, दुसरा सरळ केला आणि वर ढकलायला लागला. गुरुजींच्या हाताने चटईची कड धरली. थाओने विचारलं, “दुखतंय का, गुरुजी?” आणि ते म्हणाले, “नाही.” त्याने आणखी ढकललं. गुरुजींचे ओठ निळसर दिसायला लागले. युनशिया ओट्याशी जाऊन उभी राहिली. ती थाओशी बोलत नव्हती. ती गुरुजींच्या चेहऱ्यावर वाकून म्हणाली, “गुरुजी, बोला. आता बोला.”

आणि तो नव्वद वर्षांचा माणूस अगदी बारीक आवाजात म्हणाला, “दुखतंय.”

थाओ हसला. मनापासून, लाडाने हसला. “मग एक वीट आणखी!” असं म्हणून त्याने अंगाचा भार टाकला. त्याच्याबरोबरचे पण हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, हेच मला जास्त लागलं. इतकी वर्षं तो शब्द ऐकला की दाबायचं एवढंच त्यांना माहीत होतं.

युनशियाने त्याचा दंड धरला आणि त्याला ओट्यावरून खाली ओढलं. कोणाला असं ओढताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. थाओ जमिनीवर बसला आणि आ वासून तिच्याकडे बघत राहिला. तिने गुरुजींचा गुडघा वाकवला, पाय सावकाश खाली आणला, मांडीखाली उशी सारली आणि तळहात मांडीवर ठेवून थांबली. गुरुजींचा श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होतं आणि ते पुसायला अंगणाची फेरी नव्हती.

मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. “तू त्या दिवशी का नाही बोललीस?”

मला वाटलं मी आता तिथेच फुटेन. तोंड दाबायचं यांनी आणि विचारायचं पण यांनी! मी बोलणारच होते, पण युनशियाने माझ्याकडे न बघता हात वर केला.

“बोलले असते तर थांबला असतात का?” तिने विचारलं.

गुरुजींनी थाओकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या त्या जरीच्या पट्ट्याकडे. इतके दिवस तिच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं आणि ते खोटं होतं. आता परत तेच दिलं, पण या वेळी खरं.

“नाही,” ते म्हणाले.

युनशियाने मान हलवली. पट्टा उलगडून पुन्हा त्यांच्या तळव्याला अडकवला. “गुडघा वाकलेला राहू द्या,” ती म्हणाली. पाय वीतभर वर गेला.

“ओढ आहे,” गुरुजी म्हणाले. ती थांबली. थोड्या वेळाने आणखी जरा वर.

“दुखतंय.”

तिने पाय लगेच खाली ठेवला.

नव्वदीच्या समारंभाला ते चाकांच्या खुर्चीत बसूनच गेले. थाओच्या दारातलं कपाट अजून तिथेच आहे, वरचा दिवाही लागतो. लोक म्हणतात युनशियाने गुरुजींना माफ केलं. तिने काय केलं ते तिचं तिला माहीत. ती अजून रोज दुपारी पट्टा घेऊन मधल्या रांगेत जाते. मी नाही माफ केलं. मांडी माझी नव्हती, पण तो आवाज मी ऐकला होता, आणि हातातली थाळी मीही थांबवली नव्हती.